अडीचशे रुपयांत असतं काय एवढं?

गणपतीला आठ दिवस होते आणि आमच्या राउटरचा अडॅप्टर गेला. पावसाळ्यात मालवणात लाईट जाण्याचं कुणाला काही वाटत नाही. ती परत कशी येते याची मात्र धास्ती असते. त्या रात्री ती दणक्यात आली. अडॅप्टर फोडून बघितला तर आत वीज साठवणाऱ्या कपॅसिटरचं डोकं फुगलेलं आणि त्याच्या कुशीत पालीचं एक पिल्लू. आधी कोण गेलं ते कळायला मार्ग नव्हता.

चाकरमानी यायच्या आत वायफाय चालू हवं होतं. पूर्वी मुंबईची पोरं खळ्यात आली की पाणी मागायची, आता पासवर्ड मागतात.

बाजारात 12 व्होल्ट 1 अँपिअरचा अडॅप्टर 250 रुपयांना होता. शहाणा माणूस तो घेऊन, श्रावण असल्यामुळे मासळीकडे न बघता, सरळ घरी आला असता. पण मी डिप्लोमावाला. "अडीचशे? असतं काय त्यात एवढं?" असं ज्याच्या तोंडून निघालं त्याचे हजार गेले म्हणून समजा.

अडॅप्टर घरीच बनवायचं ठरलं. पहिल्यांदा जुना लोखंडी ट्रान्सफॉर्मर मनात आला. चार डायोड, एक कपॅसिटर, 12 व्होल्ट स्थिर ठेवणारी एक 7812 चिप, की झालं. पण 50 हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला 50 फेऱ्यांवर, चालायचं तर लोखंड भरपूर लागतं, आणि नुसत्या ट्रान्सफॉर्मरचीच किंमत अडॅप्टरच्या पुढे. स्विचिंग सप्लायची तऱ्हा निराळी. घरातले 230 व्होल्ट आधी सरळ डीसी करायचे, ते भरतात सुमारे 325. मग त्यांचे सेकंदाला 60,000 तुकडे करायचे. एवढ्या वेगात ट्रान्सफॉर्मर सुपारीएवढा पुरतो. कागदावर हे वाचून मला गहिवरून आलं.

तुकडे पाडणारी व्हायपर 22ए नावाची चिप, आउटपुटवर नजर ठेवणारे पीसी817 आणि टीएल431, ट्रान्सफॉर्मरसाठी फेराइट कोर, तार गुंडाळायला बॉबिन अशी यादी भावाला पाठवली. तो मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात गेला. कोर म्हणे दहा नगांच्या खाली देत नाहीत. सगळं रात्रीच्या बसच्या ड्रायव्हरकडून आलं, त्याच्या चहापाण्यासकट 640 रुपये. लाखांनी माल उचलणाऱ्या कारखान्याशी मी एका नगाच्या जोरावर स्पर्धेला उतरलो होतो.

ट्रान्सफॉर्मरचं वाइंडिंग करायला, म्हणजे तार गुंडाळायला, पडवीत बसलो. सत्त्याऐंशीव्या वेढ्याला आतून आईची हाक, "रे, नारळ सोलून दी मगे!" पुन्हा एकपासून.

प्लग काढला की वीज गेली, असं माझं मत होतं. मोठ्या कपॅसिटरचं मत वेगळं निघालं. त्या संध्याकाळी मी उजव्या हाताने जेवलो नाही.

शेवटी, काही चुकलंच तर करंट अडावा म्हणून, 60 वॉटचा बल्ब सिरीजमध्ये लावून स्विच दाबला. (हा बल्ब नसता तर हा लेखही नसता.) आउटपुटचा एलईडी लागला, विझला, लागला, विझला. आई दारात येऊन कौतुकाने बघत राहिली. "बरा लुकलुकता हा! मखराक लाव."

लुकलुकण्याचं कारण मला मध्यरात्री सापडलं. चिपला स्वतःचं जेवण तिसऱ्या वाइंडिंगमधून मिळतं, आणि त्याची टोकं मी उलटी जोडली होती. बिचारी उपाशी उठायची, दोन पावलं चालायची, आडवी व्हायची. टोकं बदलली आणि मीटरवर स्थिर 12.1 व्होल्ट आले. मी एकटाच नाचलो.

सकाळी आई म्हणाली, "मोडलंस मा! काल बरा लुकलुकत होता."

तो राउटरला जोडायला गेलो आणि हात थांबला. भिंतीतली वीज आणि राउटरशी खेळणारा पुतण्या यांच्यामध्ये काय होतं? मी घाईत गुंडाळलेली पिवळ्या टेपची तीन वेटोळी. त्यात आमची खारी, ओली हवा. आठ दिवसांत भांड्यांना जिथे गंज चढतो, तिथे माझ्या सोल्डरिंगचं काय?

मुकाट्याने बाजार गाठला. अडीचशेवालाही सोडला, कारण मेलेल्याच्या पोटात मी बघितलं होतं : विजेतला गोंगाट अडवणाऱ्या फिल्टरची जागा बोर्डावर छापलेली आणि पार्टच्या ठिकाणी तारेचा तुकडा. बीआयएसचा, म्हणजे सरकारी मानक संस्थेचा, शिक्का असलेला 380 रुपयांना घेतला. त्याच दुकानात 120 रुपयांचं लुकलुकणारं तोरण होतं, तेही घेतलं.

आईने ते मखराला लावून बघितलं. "तुझ्यापेक्षा ह्यां बरा लुकलुकता," म्हणाली, आणि नारळ पुढे केला.