कालवा उंदरांनी फोडला म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

"कालवे का फुटतात, सत्य जाणून घ्या" असा एक मेसेज सगळीकडे फिरतोय आणि काल तो आमच्या घरच्या ग्रुपवर मामांनी टाकला. मामांचं शेत कालव्याच्या भरावाच्या, म्हणजे मातीच्या बांधाच्या, अगदी पायथ्याशी आहे, त्यामुळे गप्प बसवेना. मेसेजात चार गोष्टी आहेत. कालवे उंदीर, घुशी, खेकडे फोडतात, त्यात कुणाचा दोष नाही. भरावाला ओल आली तर बाहेरून चिकणमाती थापून बंद करा. सिमेंटचं अस्तर झालं की काळजी मिटली. आणि इंग्रजांचे कालवे कधी फुटत नाहीत.

पहिला मुद्दा अर्धा खरा आहे, मान्य करावंच लागेल. 27 सप्टेंबर 2018 ला पुण्यात मुठा उजवा कालवा दांडेकर पुलाजवळ फुटला, वस्तीत पाणी घुसून लोकांचे संसार वाहून गेले, तेव्हा जलसंपदामंत्र्यांनी उंदीर-घुशी-खेकड्यांचं नाव घेतलं. पुढच्या वर्षी चिपळूणजवळचं तिवरे धरण फुटून माणसं गेली तेव्हाही परत खेकडेच. प्राणी भराव पोखरतात हे खरंय. इटलीत मोडेनाजवळ जानेवारी 2014 मध्ये सेक्किया नदीचा बांध फुटला, तो साळिंदर-बॅजरसारख्या प्राण्यांच्या बिळांमुळे फुटला असं तिथल्या संशोधकांनी 2015 मध्ये 'वॉटर रिसोर्सेस रिसर्च' या शोधपत्रिकेत मांडलं. पण त्याच शोधनिबंधात पुढचंही आहे ना! त्याच पुरात शेजारच्या पनारो नदीच्या बांधावरही तसंच बीळ खचलं, ते वेळेत लोकांच्या नजरेला पडलं, लगेच दुरुस्ती झाली आणि बांध वाचला. बिळं दोन्हीकडे होती, एकीकडे ती वेळेत दिसली. मग "कुणाचा दोष नाही" कसं म्हणता? भरावावरची झाडझुडपं काढायची असतात ती याचसाठी, की उकरलेली ताजी माती चालता चालता दिसावी. बाभळी माजू दिल्या आणि पाटकऱ्यांच्या, म्हणजे कालव्यावर लक्ष ठेवणाऱ्या माणसांच्या, जागा रिकाम्या ठेवल्या तर कोण काय बघणार?

दुसरा मुद्दा वाचून तर मला धडकीच भरली. मामा, हे कृपा करून करू नका. मातीच्या भरावातून थोडं पाणी झिरपतंच, ते स्वच्छ असेल आणि वाढत नसेल तर लक्ष ठेवायचं. पण पाणी गढूळ यायला लागलं म्हणजे ते आतली माती घेऊन येतंय, आत पोकळी होतेय. तोंडाशी बारीक मातीची मुंगीच्या वारुळासारखी गोल रास दिसते, मधून पाणी उकळल्यासारखं येतं. यावर चिकणमाती थापली तर पाणी थांबत नाही, आत दाब वाढतो आणि ते शेजारून दुसरीकडून फुटतं, कधी आख्खा उतार घेऊनच. पाणी निघू द्यायचं, माती अडवायची. म्हणजे आधी स्वच्छ वाळू, वर खडी, आणि भोवती वाळूच्या पोत्यांचं कडं करून आत पाणी थोडं चढू द्यायचं. त्याआधी जलसंपदा विभागाच्या शाखा कार्यालयाला फोन, कारण वरचं गेट कमी करणं त्यांच्याच हातात आहे. बंद कालव्यात उन्हाळ्यात भेगा पडलेल्या असतात म्हणून आवर्तनाचं (पाणी सोडण्याच्या पाळीचं) पहिलं पाणी हळू सोडायचं आणि त्या दिवसांत भराव रोज चालून बघायचा.

अस्तराचं थोडक्यात सांगतो. काळी माती फुगते-आकसते, म्हणून तिथे अस्तराखाली न फुगणाऱ्या मातीचा थर लागतो, नाहीतर स्लॅब उचलले जातात. कालवा झटकन रिकामा केला तरी मागच्या पाण्याच्या दाबाने ते उखडतात. अस्तराने गळती कमी होते हे खरं, पण त्याच्या मागे पोकळी झाली तर ती वरून दिसतही नाही.

आणि इंग्रजांचे कालवे फुटत नाहीत म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो, पुण्यात फुटलेला मुठा उजवा कालवा इंग्रजांनीच बांधलाय.