मामा, बाण उलटा का?

घरातल्या एखाद्याने कधीकाळी विज्ञान शाखेला प्रवेश घेतला, की त्याला जन्मभर दोन शिक्षा होतात. फ्यूज उडाला की सगळे त्याच्या तोंडाकडे बघतात, आणि नातलगांच्या पोरांचा विज्ञानाचा अभ्यास त्याच्या गळ्यात पडतो. त्यातला फ्यूज परवडला. एकदा बसवला की तो उलट प्रश्न विचारत नाही.

भाची विचारते. तिच्या पुस्तकातल्या आकृतीत बाण सेलच्या धन टोकाकडून निघतो आणि बल्बमधून फिरून ऋण टोकाकडे जातो. त्याच पानावर खाली छापलंय, की तारेतून इलेक्ट्रॉन वाहतात आणि ते ऋण टोकाकडून धन टोकाकडे जातात.

“मामा, मग बाण उलटा का?”

“तसं ठरलंय.”

“कोणी ठरवलं?”

अशा वेळी मी बेंजामिन फ्रँकलिन यांना पुढे करतो. १७४७ च्या सुमारास त्यांनी मांडलं, की वीज म्हणजे एकच अदृश्य द्रव. तो जिथे जास्त तिथे अधिक, जिथे कमी तिथे उणे, आणि वाहणार अधिककडून उणेकडे. कल्पना झकास होती. फक्त काच रेशमाने घासल्यावर तो द्रव काचेत वाढला की रेशमात, हे बघायची सोय तेव्हा कोणाकडेच नव्हती. त्यांनी काचेला अधिक म्हटलं. पर्याय दोनच होते, आणि निसर्गाने नेमका दुसरा घेतला होता. काचेतून इलेक्ट्रॉन रेशमात जातात.

हे उघडकीला यायला दीडशे वर्षं गेली. १८९७ साली जे. जे. थॉमसन यांनी इलेक्ट्रॉन शोधला, तो निघाला ऋण भाराचा. तोवर तारायंत्रं, मोटारी, डायनॅमो सगळं जुन्या बाणावर सुखाने चाललं होतं.

“मग सगळे बाण खोडून परत का नाही काढले?”

एक रेघ वाकडी गेली म्हणून अख्खं पान नव्याने लिहिणारी ही मुलगी. तिला काय सांगणार? म्हटलं, अगं, काही बिघडतच नाही. ऋण भार डावीकडे गेला काय आणि तेवढाच धन भार उजवीकडे गेला काय, सर्किटच्या हिशोबाला सारखंच. समज, ओळीत खुर्च्या आहेत, उजवीकडची शेवटची भरलेली आणि डावीकडची पहिली रिकामी. प्रत्येक जण एकेक करून डावीकडे सरकला, की रिकामी खुर्ची उजवीकडे गेल्यासारखी दिसते.

उदाहरण द्यावं, पण हाताशी खुर्च्या असताना देऊ नये. पुढचा अर्धा तास स्वयंपाकघरातल्यासुद्धा खुर्च्या बाहेरच्या खोलीत होत्या, त्यांवर बाहुल्या आणि उशा इलेक्ट्रॉन म्हणून बसल्या होत्या, आणि मी त्यांना सरकवत होतो. शेवटी आजी आली, रिकाम्या खुर्चीत बसली आणि विद्युतधारा बंद पडली. आजीला उठवायची कोणाची टाप?

वास्तविक मिठाच्या पाण्यात धन आणि ऋण आयन, म्हणजे भार असलेले कण, एकाच वेळी विरुद्ध दिशांना जातात आणि धारेत दोघांचाही वाटा असतो. पण तेवढ्या खुर्च्या घरात नाहीत म्हणून मी ते बोललो नाही. डायोड, म्हणजे धारेला एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, त्याच्या चिन्हातला बाणही जुन्या दिशेचाच आहे, इलेक्ट्रॉन त्या बाणाच्या टोकाशी समोरासमोर भिडत येतात, तेही गिळलं.

“पण मामा, ते धावतात किती जोरात?”

एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेत एक अँपिअर धारा असली, तर इलेक्ट्रॉन सरासरी सेकंदाला मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी पुढे सरकतात. एक मीटर जायला जवळजवळ चार तास.

“मग बल्ब लगेच कसा लागतो?”

कारण तार आधीच इलेक्ट्रॉनांनी भरलेली असते, आणि बटण दाबल्यावर चला म्हणणारा धक्का जवळपास प्रकाशाच्या वेगाने सगळीकडे पोचतो. हे तिला पटलं. इथे थांबलो असतो तर बरं. पण भरात मी सांगून टाकलं, की हे झालं सेलचं. घरातल्या विजेची दिशा सेकंदाला शंभरदा बदलते, काही देशांत एकशेवीसदा. तिथले इलेक्ट्रॉन जागच्या जागी नुसते पुढे-मागे थरथरतात.

“म्हणजे आपल्या तारेत नवीन कोणी येतच नाही?”

“नाही.”

“मग बिल कशाचं भरतो?”

इतका वेळ वर्तमानपत्रामागे असलेले दाजी पहिल्यांदा बाहेर आले. “हो, कशाचं?”

“ऊर्जेचं,” मी घाईने म्हणालो. “ती मात्र एकाच दिशेने येते. वीजकेंद्राकडून घराकडे.”

“हा बाण तरी बरोबर ना?” दाजी.

“अगदी बरोबर.”

“आणि ती तारेच्या आतून येते?” भाची पेन्सिल सरसावून.

१८८४ साली जॉन पॉइंटिंग या इंग्रज भौतिकशास्त्रज्ञांनी दाखवलं, की ऊर्जा वाहते ती तारेच्या आतून नव्हे, तर तारेभोवतीच्या विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रातून. मी दाजींकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं, खुर्च्यांकडे पाहिलं.

“हो हो,” म्हटलं, “आतूनच.”