बेडकाच्या कातडीतलं ‘अमोघ’ औषध : एकेका दाव्याचा समाचार

पावसाळा लागला की पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मजकूर हमखास फिरतो. बेडकाच्या कातडीत निसर्गाने अमोघ प्रतिजैविक ठेवलंय, कोट्यवधी वर्षांत एकाही जंतूला त्याच्यापुढे टिकता आलेलं नाही, बेडूक जखमेवर फिरवला की जखम भरते, सह्याद्रीतल्या बेडकाने स्वाइन फ्लू बरा होतो आणि औषध कंपन्यांनी हे सगळं दाबून ठेवलंय, असा त्याचा सूर. यात थोडं खरं मिसळलेलं आहे आणि म्हणूनच तो भल्याभल्यांना पटतो.

खरं आहे ते आधी सांगतो. अमेरिकेत मायकेल झॅस्लॉफ हे संशोधक आफ्रिकेतल्या नखवाल्या बेडकांवर शस्त्रक्रिया करत. टाके घालून बेडूक पुन्हा गढूळ पाण्याच्या टाकीत सोडले, तरी जखमा चिघळत नसत. कारण शोधताना १९८७ साली त्यांना त्वचेत २३ अमिनो आम्लांची छोटी साखळी सापडली. तिला मॅगेनिन म्हणतात. तिच्यावर धनभार असतो आणि जिवाणूंच्या आवरणावर ऋणभार. त्यामुळे ती तिथे चिकटते आणि आवरण फाडते. अशा छोट्या साखळ्यांना पेप्टाइड म्हणतात, आणि आज बेडकांच्या शेकडो जातींमधली पेप्टाइडं माहीत आहेत.

आता ‘जखमेवर बेडूक फिरवा’. यात सरळसरळ धोका आहे, म्हणून हे पहिलं. पहिल्या पावसानंतर पार्किंगमध्ये दिव्याखाली किडे टिपत बसलेला प्राणी बहुतेक वेळा भेक असतो. नीट पाहा : कोरडी, खरखरीत, पुटकुळ्यांची कातडी आणि डोळ्यामागे शेंगदाण्याएवढा फुगीर उंचवटा. तो उंचवटा दाबला गेला की दुधासारखा चीक येतो. त्यातली विषं थेट हृदयावर परिणाम करतात. भेकाला तोंड लावलेल्या कुत्र्याच्या तोंडाला फेस येतो, काही वेळा ते दगावतंही. भेक सोडा, साध्या बेडकाच्या अंगावरही साल्मोनेलासारखे जंतू असू शकतात. शिवाय काही जातींच्या त्वचेत ही पेप्टाइडं सापडतच नाहीत. जखम साबण-पाण्याने धुवा, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या.

सगळ्यात मोठा दावा ‘एकाही जंतूला टिकता आलं नाही’ हा. तो प्रयोगाने खोटा ठरलाय. मॅगेनिनवरून बनवलेलं पेक्सिगॅनान हे औषध शास्त्रज्ञांनी जिवाणूंच्या २४ वंशांना हळूहळू वाढत्या मात्रेत दिलं. सहाशे-सातशे पिढ्यांत २२ वंश त्याला पुरून उरले. हा निबंध २००६ सालचा, आणि त्याच्या लेखकांत खुद्द झॅस्लॉफ आहेत. प्रतिकार निर्माण होणं अवघड आहे, असं त्यांचंच मत होतं. तरी ते स्वतः या परीक्षेत उतरले, याचं मला फार कौतुक वाटतं.

आणि बेडकांचे जनुक पाहिले तर हा दावा मुळातच उलटा आहे हे कळतं. पेप्टाइड तयार होताना आधी एक लांब साखळी बनते आणि तिच्या शेवटचा तुकडा कापला जाऊन कामाला येतो. बेडकांच्या अनेक जातींत या साखळीचा पुढचा भाग जवळपास सारखाच आहे, शेवटचा तुकडा मात्र भलताच वेगळा. जनुकाच्या प्रती निघत गेल्या आणि प्रत्येक प्रतीचा तो टोकाचा भाग बदलत राहिला. दक्षिण अमेरिकेतल्या एका झाडबेडकात याच पुढच्या भागामागे कुठे जंतू मारणारं पेप्टाइड आहे, तर कुठे मॉर्फिनपेक्षा जबर वेदनाशामक असलेलं डर्मॉर्फिन. एखादं हत्यार अमोघ असतं, तर ते इतक्यांदा बदलावं लागलं नसतं. समोरचे जंतू आणि शिकारी बदलत होते, म्हणून हेही बदलत गेलं.

शिकारी म्हणालो, कारण यातली बरीच पेप्टाइडं जंतूंसाठी नाहीतच. सेरुलीन घ्या. ते ऑस्ट्रेलियातल्या झाडबेडकाच्या आणि आफ्रिकेतल्या नखवाल्या बेडकाच्या त्वचेत हुबेहूब सारखं असतं. पण २०१० साली दिसून आलं की दोघांनी ते स्वतंत्रपणे घडवलंय : एकाने गॅस्ट्रिनच्या जनुकापासून, दुसऱ्याने कोलेसिस्टोकायनिनच्या. दोन्ही पचनाची संप्रेरकं, आपल्याही आतड्यात असणारी. शिकाऱ्याच्याच शरीराची भाषा बोलून ते त्याचा रक्तदाब पाडतं, पोटात कळा आणतं. नखवाल्या बेडकाला तोंडात धरलेल्या सापाचा जबडा त्या स्रावाने पुन्हा पुन्हा आ वासू लागतो आणि तेवढ्यात बेडूक निसटतो.

इतकं असूनही कायट्रिड नावाच्या बुरशीने उभयचरांच्या किमान ५०१ जातींची संख्या घटवली. त्यातल्या ९० जाती नामशेष झाल्याचं मानलं जातं. हा अंदाज २०१९ चा. कातडीत औषध असलेल्या प्राण्यांचीच ही गत आहे.

स्वाइन फ्लूचा मुद्दा पुण्यात लगेच काळजाला भिडतो. २००९ मध्ये या साथीने देशातला पहिला बळी इथेच घेतला होता. मजकुरातला बेडूक खराखुरा आहे : हायड्रोफायलॅक्स बहुविस्तारा. २०१५ साली पुण्याचे आनंद पाध्ये आणि सहकाऱ्यांनी ही जात नव्याने नोंदवली. २०१७ मध्ये केरळ आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी तिची ३२ पेप्टाइडं तपासली. चार फ्लूवर चालली, पण त्यातली तीन माणसाच्या रक्तपेशींना घातक निघाली. उरलेल्या उरुमिनने उंदरांना वाचवलं. तेही फक्त एच-१ गटाच्या फ्लू विषाणूपासून (स्वाइन फ्लूचा विषाणू याच गटातला), एच-३ या दुसऱ्या गटावर त्याची मात्रा चालत नाही. उंदीर वाचला म्हणजे माणसाचं औषध झालं, असं होत नाही.

कंपन्यांनी दाबलं, हेही खरं नाही. मधुमेहींच्या पायाच्या जखमांसाठी पेक्सिगॅनानची परवानगी रीतसर मागितली गेली. १९९९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ती नाकारली, कारण आधीच्या प्रतिजैविकापेक्षा ते सरस ठरलं नव्हतं. २०१६ मध्ये पुन्हा दोन मोठ्या चाचण्या फसल्या. हे सगळं जाहीर आहे.

मजकूर तुमच्या ग्रुपवर आला, तर पाठवणाऱ्याला यातला भेकाचा परिच्छेद तरी पाठवा. मुलांनी भेक हाताळला असेल, तर डोळ्यांना हात लावायच्या आधी ते साबणाने हात धुतील असं पाहा, आणि भेकाला होता तिथेच राहू द्या.