आंघोळ घालून माइट्स जात नाहीत!

रात्रीचे अडीच वाजलेत आणि मी टॉर्च तोंडात धरून सापाच्या पेटीच्या कोपऱ्यातल्या फटी कापसाच्या बोळ्याने पुसतेय. माइट्सशी, म्हणजे सापाचं रक्त पिणाऱ्या बारीक किड्यांशी, झगडतेय त्याचा आज तिसरा आठवडा संपला. या तीन आठवड्यांत ज्यांनी ज्यांनी मला "अगं, साधे माइट्स आहेत, कोमट पाण्यात आंघोळ घाल, जातील" असं सांगितलं, त्या प्रत्येकाला आत्ता इथे माझ्या शेजारी जमिनीवर बसवावंसं वाटतंय. बघा म्हणावं, कुठे गेले?

माझा बॉल पायथन, म्हणजे माझा पाळीव अजगर, चार दिवस पाण्याच्या वाडग्यातून बाहेर आला नाही. पेटी जास्त तापली असेल म्हणून थर्मोस्टॅट तपासला. तापमान बरोबर होतं. उंदीर पुढे धरला, त्याने तोंड फिरवलं. शेवटी उचलून बाहेर काढला तर वाडग्याच्या तळाशी खसखशीसारखे काळे ठिपके. पांढरा पेपर टॉवेल ओला करून त्याच्या अंगावरून एकदाच फिरवला. टॉवेलवर काळे ठिपके आले, त्यातले काही हलत होते. एक चिरडला तर लाल रेघ उमटली. ते रक्त माझ्या सापाचं होतं!

सापाला पापण्या नसतात, हे किती जणांना माहीत आहे? डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो, बस. त्या खवल्याच्या कडेला जी बारीक खाच असते, तिथे हे माइट्स दाटीवाटीने बसतात. हनुवटीखालच्या घडीत बसतात. अजगराच्या ओठांवर उष्णता ओळखणारे खड्डे असतात, त्यांतही शिरतात. त्या जिवाला डोळा मिटता येत नाही, खाजवायला हात नाहीत, ओरडायला आवाज नाही. पाण्यात जाऊन बसणं एवढंच त्याच्या हातात, आणि श्वासासाठी डोकं वर काढावंच लागतं, म्हणून अंगावरचे माइट्स सरकत सरकत त्याच डोक्याकडे येतात. म्हणजे जी आंघोळ तुम्ही मला सुचवताय, ती तो बिचारा चार दिवस स्वतःच करत होता!

आणि आंघोळ घालून पुढे काय करता? परत त्याच पेटीत ठेवता ना?

सगळा संताप याच गोष्टीचा आहे. सगळे सापावर उपचार करतात, पेटीवर कुणी करत नाही. हा माइट सापावर फक्त जेवायला येतो. अंडं, मग अळी, मग पिल्लाच्या दोन अवस्था, मग प्रौढ. यातल्या फक्त दोन अवस्था रक्त पितात, पिल्लाची पहिली आणि प्रौढ. बाकी सगळा संसार सापाच्या अंगाबाहेर चालतो, फटीत, लाकडाच्या सालीखाली, झाकणाच्या खाचेत. रक्त पिऊन फुगलेली मादी साप सोडून अंधाऱ्या, ओलसर जागी जाते आणि तिथे अंडी घालते. आयुष्यभरात साठ ते ऐंशी. ती बहुतेक वेळा वर चढते, म्हणून खाली पसरलेला भुसा फेकून तुम्ही खूश होता तेव्हा अंडी झाकणाच्या कडेला असतात. नर भेटला नाही तरी तिचं अडत नाही. नराशिवाय घातलेल्या अंड्यांतून नर निघतात, आणि पुढे त्यांच्याशीच तिचा मेळ होतो. एक मादी उरली की सगळं पुन्हा उभं राहतं. एक! आणि २५ ते ३० अंश आणि दमट हवा, जी मला अजगरासाठी ठेवावीच लागते, तीच यांनाही मानवते. त्या उबेत अंडी दोन-चार दिवसांत फुटतात आणि दोन-तीन आठवड्यांत नवी पिढी अंडी घालायला तयार होते.

मग कळतं का, पहिल्या फवाऱ्यानंतर "गेले बुवा एकदाचे" म्हणणाऱ्यांच्या घरी पंधरा दिवसांनी पुन्हा का होतात? अंड्यांवर बहुतेक औषधं चालत नाहीत. म्हणून पुन्हा करायचं, मग पुन्हा, आणि शेवटचा ठिपका दिसल्यानंतरही काही आठवडे थांबायचं नाही.

सल्ल्यांचा तर कहर झाला. एकाने कुत्र्याचं गोचिडाचं औषध थेट अंगावर मारायला सांगितलं. किती तीव्रतेचं, किती वजनाच्या सापाला, काही नाही, फक्त "मार". अरे, गोचीड वेगळी, माइट वेगळा, आणि साप म्हणजे कुत्रा नव्हे! दुसऱ्याने आयव्हरमेक्टिन हे परजीवी मारणारं औषध सुचवलं आणि त्याच श्वासात "कासवालाही दे, बचाव होईल" म्हणाला. कासवं त्या औषधाने मरतात! हे माहीत नसताना लोक छातीठोकपणे बोलतात कसे? तिसरीने माइट्स खाणारे शिकारी माइट्स सोडायला सांगितले. ते मला पटलंही, उपाय खरा आहे. पण सोबत फवाराही चालू ठेव म्हणाली. फवारा मारला की पहिले मरतील ते शिकारीच, हा साधा विचार नको का? आणि तेल चोपडायला सांगणारे तर विचारूच नका. अंगावरचे काही गुदमरतात, फटीतले मजेत राहतात, आणि तेलाने माखलेला साप पुढे नीट कात टाकत नाही, तो ताप वेगळाच.

पण ज्याच्याकडून हा साप आला त्याच्यावरचा राग माझ्या घशाशी आहे. पहिल्याच दिवशी खवल्यांवर पांढरी धूळ दिसली होती. मी विचारलं. "कात टाकायला आलाय, म्हणून तसं दिसतं," एवढं शांतपणे सांगितलं त्याने. ती धूळ म्हणजे माइट्सची विष्ठा होती. रोज साप हाताळणाऱ्या माणसाला हे कळत नाही? कळत होतं! रोगट जनावर दुसऱ्याच्या गळ्यात बांधून मोकळा झाला. फोन केला तर म्हणे "सगळ्यांकडेच असतात." नसतात! नवा साप दोन-तीन महिने वेगळ्या खोलीत, वेगळ्या चिमट्याने, बाकी सापांनंतर हाताळून, हात धुऊन सांभाळला तर नसतात.

आणि इथे माझीही चूक आहे, ती मला रोज टोचते. अजगर आल्यावर बाराव्या दिवशी, त्या माणसाच्या शब्दावर, मी अजगराची पेटी माझ्या दुसऱ्या सापाच्या, म्हाताऱ्या कॉर्न स्नेकच्या, खोलीत नेली. तिला आता माइट्स झालेत. नऊ वर्षं माझ्याकडे आहे, कधी आजारी पडली नाही. काल तिची हनुवटी वर केली तर घडीत सात होते. हे किडे रक्त पितात तेवढ्यावर थांबत नाहीत, एका सापाचे जंतू दुसऱ्याकडे नेतात. लहान पिल्लं तर नुसत्या रक्तक्षयाने दगावतात. ती वाडग्यात बसली की माझ्या पोटात गोळा येतो.

आता दोन्ही पेट्यांत फक्त पेपर टॉवेल, एक वाडगा आणि लपायला पुठ्ठ्याचा डबा. टॉवेल आणि डबा रोज पिशवीत बांधून बाहेर. लाकडाची सुंदर फांदी होती, तीही टाकली. सापांचे डॉक्टर शोधायला आठ दिवस गेले, कारण पहिल्या ठिकाणी सापाला हातच लावला नाही. दुसऱ्या डॉक्टरांनी वजन करून, फडक्यावर औषध घेऊन, डोळे-तोंड टाळून कसं पुसायचं ते स्वतः करून दाखवलं. दहा मिनिटं लागली. एवढंच हवं होतं मला पहिल्या दिवशी!

अजगराकडे अकरा दिवस एकही ठिपका नव्हता. आत्ता फटी पुसून झाल्यावर त्याचा वाडगा टॉर्चसमोर धरला. तळाशी एक आहे. हलतोय.