नायिकेला विमानात बसवू नका

माझ्या मावसबहिणीने एका दिवाळी अंकासाठी कथा लिहिली. गोव्यातल्या फोंड्याकडची एक मुलगी गणेशचतुर्थीच्या आदल्या रात्री थोरल्या काकीला सांगते, की आपलं एका मुलीवर प्रेम आहे. संपादकांना कथा आवडली, फक्त शेवट बदलून हवा होता. मुलगी पोर्तुगालला किंवा लंडनला निघून जाते असं दाखवा, वाचकांना पटेल, असं त्यांचं म्हणणं. बहिणीने कथा परत मागून घेतली. त्यावरून आमच्या नात्यागोत्यात जो वाद चाललाय, तो मी इथे इंग्लंडमध्ये, लेस्टरला बसून ऐकते आहे. माझी जोडीदार बाई आहे, आम्ही एकत्र राहतो. म्हणजे संपादकांना हवा असलेला शेवट मी रोज जगते. तरीही मी पूर्णपणे बहिणीच्या बाजूची आहे.

एके काळी आपल्याकडे अशा नायिकेला मरावंच लागे. तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’मधली सुमित्रा शेवटी आत्महत्या करते. १९८१मध्ये ते नाटक रंगमंचावर आणायला मोठी हिंमत लागली असणार, आणि रोहिणी हट्टंगडींनी ती मित्रा उभी केली याबद्दल मला आजही कृतज्ञता वाटते. पण त्याला चाळीसहून जास्त वर्षं झाली. आता नायिकेला जगू देतात, पण गावात राहू देत नाहीत. प्रगती म्हणायची तर एवढीच.

‘हे सगळं तिकडचं खूळ’ असं मामा म्हणतो. तिकडे तरी हे सहज कुठे झालं? रॅडक्लिफ हॉल यांची ‘द वेल ऑफ लोनलीनेस’ ही कादंबरी १९२८मध्ये लंडनच्या कोर्टाने अश्लील ठरवली. १९५०च्या दशकात अमेरिकेत अशा स्वस्त कादंबऱ्या खपत होत्या, पण पोस्टखातं पुस्तकं अडवेल या धास्तीने प्रकाशक लेखिकांना शेवट दुःखी करायला लावत. इंग्लंडमध्ये तर १९८८ ते २००३ ‘सेक्शन २८’ नावाचं कलम होतं. समलैंगिकतेला उत्तेजन द्यायला स्थानिक प्रशासनांना त्याने बंदी केली होती, आणि शाळांमध्ये शिक्षक हा विषय काढायलाच घाबरत. शेवट ठरवून देणारे संपादक इथेही होते. इथल्या लेखिकांनी ते ठरीव शेवट मोडून काढले, म्हणून आज इथल्या वाचनालयात पोरीसोरी अशी पुस्तकं उघडपणे घरी नेतात.

मात्र इथल्या कथांचा साचा जसाच्या तसा उचलावा असंही मला वाटत नाही. त्यांत बहुतेकदा मुलगी आईवडिलांना समोर बसवून एकदाच काय ते सांगते आणि मग घर तिच्या बाजूने किंवा विरुद्ध होतं. आमच्या घरांत बातमी एकेका माणसापर्यंत पोचते, आणि प्रत्येक माणूस ती आपल्या परीने पचवतो. बहिणीने हे फार नेमकं पकडलंय. मुलगी स्टुलावर उभी राहून माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावरची फळाफुलांची चौकट, बांधते आहे, काकी खालून सुपारीचे घोस देते आहे. मुलगी बोलून टाकते. काकी पुढचा घोस तिच्या हातात देते आणि विचारते, “तिच्या घरी माहीत आहे?” दुसऱ्या दिवशी ती मैत्रीण जेवायला येते. निघताना काकी म्हणते, “पुढच्या चतुर्थीला हिला आधीच घेऊन ये गो. नेवऱ्या करायला माणूस हवं.” इथे कथा संपते. हा शेवट कोणाला पटणार नाही?

यावर मावशीचा प्रश्न असा, की घर एवढं सांभाळून घेतं तर लिहून चव्हाटा कशाला? मावशीचा जीव मोठा आहे, पण हे मला मान्य नाही. न बोलता सांभाळणारं घर स्थळं आणायचं थांबवत नाही. आणि घराबाहेर तर न बोलून काहीच मिळत नाही. गोव्यात लग्नाला सिव्हिल रजिस्ट्रारपुढे दोन टप्प्यांत, पहिली सही आणि मग दुसरी सही लागते. वेगळा करार केला नसेल तर पोर्तुगीज काळापासूनच्या कायद्याने दोघांची मालमत्ता सामायिक होते. सगळ्या धर्मांना एकच कायदा, याचा आम्हा गोंयकारांना केवढा अभिमान! त्या रजिस्टरमध्ये दोन बायकांना जागा नाही. २०१८मध्ये सुप्रीम कोर्टाने असे संबंध गुन्ह्यातून वगळले, पण ऑक्टोबर २०२३मध्ये लग्नाचा हक्क द्यायला नकार दिला. आता तो संसदेने द्यायचा. ज्यांच्याबद्दल कोणी वाचलेलंच नाही, त्यांच्यासाठी संसदेत कोण उभं राहणार?

मला अजून कितीतरी कथा वाचायच्या आहेत. मडगावात भाड्याने राहणाऱ्या दोघी, त्यातली एक आजारी पडते आणि इस्पितळात दुसरीला ‘तुम्ही कोण लागता?’ विचारतात. आईच्या आधी बापाला कळतं आणि तो वर्षभर पोटात ठेवतो. डिचोलीच्या एखाद्या शाळेतली मास्तरीण. या मला लेस्टरहून लिहिता येणार नाहीत, कारण मी तिथे राहिले नाही. ज्या राहिल्या त्यांनी लिहाव्यात, आणि संपादकांनी शेवटाला हात न लावता त्या छापाव्यात.