थर दिसले म्हणून आईचं दूध ओतू नका

"ऑफिसात पंपाने काढलेल्या दुधाचे संध्याकाळी दोन थर दिसले तर ते नासलंय, दोन तासांवरचं दूध फेकाच," असा मेसेज व्हॉट्सअॅपवर फिरतोय. तो चुकीचा आहे.

आईच्या दुधातली चरबी हलकी, ती वर येते. खाली पातळ, कधी निळसर दूध राहतं. बाटली हलक्या हाताने गोल फिरवली की पुन्हा एकजीव होतं. नासलेलं दूध फिरवूनही एकजीव होत नाही, शिवाय आंबूस वास मारतं.

अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेच्या सूचनांनुसार ताजं दूध 25 अंशांपर्यंत 4 तास, बर्फाचे पॅक घातलेल्या कूलर बॅगेत 24 तास, फ्रीजमध्ये 4 दिवस चालतं. आपल्याकडचा उन्हाळा 25 अंशांवर कुठला थांबायला, त्यामुळे काढल्या काढल्या फ्रीजमध्येच ठेवा. दोन तासांचा नियम खरा आहे, पण तो बाळाने पिऊन उरलेल्या दुधाचा.

दोन मीटिंगांच्या मध्ये, दाराला कडी लावून काढलेलं ते दूध बेसिनमध्ये जातंय, याचं फार वाईट वाटतं. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.