कर्ज थकलं म्हणून कुणी गुन्हेगार होत नाही

पेरणी तोंडावर आली की मराठवाड्यात गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. कर्ज थकवणं हा फौजदारी गुन्हा आहे, पोलीस घरातून उचलून नेतात, चेक दिला असेल तर जेल ठरलेलीच, बँक जमीन विकून मोकळी होते. त्यापेक्षा गावातल्याच माणसाकडून पैसे घ्या, अब्रू तरी झाकून राहते. हा मेसेज चुकीचा आहेच, वर घातकही आहे.

आधी अटकेचं. कर्ज फेडता न येणं ही दिवाणी बाब आहे. सोयाबीन पाण्यात गेलं आणि हप्ता चुकला, एवढ्यावर पोलिसांना अटक करता येत नाही. दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर पीककर्ज उचललं, बनावट कागद जोडले, तर ती फसवणूक, तो गुन्हा. पैसे घेतानाच नियत खोटी असावी लागते. दिवाणी कोर्टाने पैसे द्यायचा हुकूमनामा काढला आणि तो पाळला नाही तर कैदेची तरतूद आहे, पण ती ऐपत असून मुद्दाम न देणाऱ्यासाठी. निव्वळ गरिबीमुळे फेडू न शकणाऱ्याला कैदेत टाकता येणार नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९८० सालीच जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात सांगितलंय.

चेकबाबत मेसेजमध्ये थोडं तथ्य आहे. चेक वटला नाही तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या (चेक-हुंडीचा कायदा) कलम १३८ खाली दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. पण आधी नोटीस येते, ती मिळाल्यावर पैसे भरायला १५ दिवस मिळतात, आणि गुन्हा जामीनपात्र आहे. नोटीस आली की ती पेटीत ठेवून देऊ नका, वकील गाठा.

जमिनीचं म्हणाल तर बँकेला कोर्टात न जाता तारण विकू देणारा जो सरफेसी कायदा आहे, त्यातून शेतजमीन वगळलेली आहे. जिल्हा बँक किंवा सोसायटी सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळवून जप्ती आणू शकते. तिथे आपलं म्हणणं मांडायला जागा असते.

आता तो ‘गावातला माणूस’. शेकडा तीन-पाच रुपये महिन्याने पैसे देतो, म्हणजे वर्षाला ३६ ते ६० टक्के. तारण म्हणून कोरा चेक, कोरा बाँड घेतो आणि रजिस्ट्री ऑफिसात नेऊन सरळ खरेदीखत करून घेतो, तोंडी बोली अशी की पैसे फिटले की जमीन परत. खरा गुन्हा इथे आहे! महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. परवानाधारकालासुद्धा मुद्दलापेक्षा जास्त व्याज घेता येत नाही, चक्रवाढ तर नाहीच. कर्जदाराच्या दारात बसून छळणं हाही याच कायद्याने गुन्हा ठरतो. मेसेज मात्र नेमका देणेकऱ्यालाच चोर ठरवतो, आणि त्या भीतीपोटी माणूस कागदावर अंगठा उठवतो.

शेवटी एक समज, सावकाराच्या नावे खरेदीखत झालं की जमीन गेलीच. तसं नाही. याच सावकारी कायद्याच्या कलम १८ प्रमाणे अर्जाच्या आधीच्या १५ वर्षांत सावकारीतून गेलेली जमीन चौकशीअंती परत मिळू शकते. अर्ज जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करायचा. सोबत खरेदीखताची नक्कल, जुना-नवा सातबारा, फेरफार, व्याज दिल्याच्या नोंदी किंवा फोनवरचे निरोप जोडा. खरेदीखतातली किंमत बाजारभावापेक्षा फारच कमी असेल, किंवा खरेदी होऊनही पेरा तुमचाच चालू असेल, तर ते अर्जात ठळकपणे लिहा.